बारोलोला ताट हवं की एकांत?

उत्तम वाइन जेवणासोबत प्यावी की नुसती, हा वाद ‘वाइन’ असा मोघम शब्द धरून घातला तर रात्र सरते, वाद सरत नाही. बाटली कोणती आणि किती वर्षांची, एवढं आधी सांगितलं की निम्मं उत्तर हाती येतं. म्हणून इथे एकच वाइन घेऊ: बारोलो. इटलीच्या वायव्येला पिएमोंते प्रांत, तिथे आल्बा शहराच्या नैऋत्येला लांगेच्या टेकड्या, आणि त्या टेकड्यांवरच्या अकरा गावांच्या हद्दीत पिकणारं नेब्बिओलो हे एकच द्राक्ष. नियमाप्रमाणे ही वाइन किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 महिने लाकडी पिंपात. बाटलीवर ‘रिझेर्वा’ लिहायचं तर 62 महिने. एवढं थांबून दुकानात आलेली बाटलीही खरं तर कोवळीच असते. तरुणपणी ही वाइन जेवणाशिवाय पिववत नाही आणि म्हातारपणी तिला जेवण सोसत नाही. निदान माझं मत तरी असं आहे.

नेब्बिओलोचा रंग फसवा. ग्लासात ओतली तर फिकट लाल, काही वर्षांत कडेने विटकरी. पाहणाऱ्याला वाटतं, हलकी असेल. पहिला घोट घेतला की हिरड्या, गाल, जीभ सगळं आखडून येतं. हे काम टॅनिनचं. लाळेत काही प्रथिनं असतात, ती तोंडातलं वंगण. टॅनिन त्यांना चिकटतं, त्यांच्या गुठळ्या होतात, वंगण जातं आणि तोंड कोरडं खरखरीत लागतं. तुरटपणा हा चवीपेक्षा स्पर्शाचाच मामला आहे. कोऱ्या चहात दूध पडलं की तो मवाळ होतो ते याच न्यायाने: दुधातलं केसीन हे प्रथिन चहातल्या टॅनिनला स्वतःकडे ओढून घेतं, लाळेच्या वाट्याला कमी उरतं. मटणाचा घास वाइनच्या बाबतीत नेमकं तेच करतो. चरबी तोंडाला पुन्हा ओशट करते, मीठ कडवटपणा दाबतं, आणि मघाशी रागीट वाटलेली वाइन एकदम माणसात येते.

यावर विश्वास ठेवण्यापेक्षा घरी करून पाहावं. त्यासाठी बारोलो फोडू नये, आपल्याकडे आयात करामुळे ती फार महाग पडते. अकलूजच्या फ्रातेल्लीची सांजोवेझे घेतली तरी चालते. द्राक्ष इटलीचंच, आंबटपणा आणि टॅनिन दोन्ही पुरेसे. एका बशीत मीठ, एकीत लिंबाची फोड, एकीत साखर, आणि एकीत बटण मशरूमच्या चकत्या मायक्रोवेव्हमध्ये अर्धा मिनिट वाफवून, मीठ न घालता. आधी नुसता घोट घ्या, त्याची चव लक्षात ठेवा. मग एकेक पदार्थ चाटून किंवा चावून पुन्हा घोट घ्या, मधे पाण्याने तोंड धुवा. साखरेनंतर वाइन आंबट, कडक आणि पाणचट लागेल. लिंबानंतर तिचा आंबटपणा नाहीसा होऊन ती गोडसर, कदाचित बेचव होईल. मिठानंतर ती गुळगुळीत होईल, फळांचा वास पुढे येईल. मशरूमनंतर मात्र कडू आणि कोरडी. टोमॅटो, मशरूम, सोया सॉस, जुनं चीज यांत जी उमामी चव असते ती टॅनिन टोचरं करते. आता त्याच मशरूमवर चिमूटभर मीठ टाका आणि परत घोट घ्या. कडूपणा बराच उतरलेला असेल. मुरलेल्या पार्मेजानसोबत लाल वाइन चालते याचंही कारण यातच आहे. त्या चीजमध्ये उमामी भरपूर, पण मीठ आणि चरबी तितकीच, म्हणून सगळं सावरलं जातं.

या चार बश्या समजल्या की ‘अमुक वाइनसोबत तमुक पदार्थ’ असे तक्ते पाठ करायची गरज उरत नाही.

पिएमोंतेच्या जेवणात हे शास्त्र कुणी न सांगता पाळलं जातं. सुरुवातीच्या थंड पदार्थांसोबत दोल्चेत्तो, पास्त्यासोबत बार्बेरा (ही दोन्ही तिथलीच लाल द्राक्षं) आणि मांस आलं की नेब्बिओलो, असा साधारण क्रम. बार्बेरात आंबटपणा भरपूर पण टॅनिन अगदी कमी, त्यामुळे लसूण आणि अँकोव्ही मासा तेलात शिजवून केलेल्या बान्या काउदाबरोबर तीच प्यायली जाते. तिथे बारोलो ठेवली तर मासा आणि वाइन दोन्हींचं वाटोळं होतं. ताजारिन नावाच्या बारीक शेवयांना किलोभर पिठामागे 30 ते 40 अंड्यांची पिवळी बलकं लागतात. वर नुसतं लोणी, आणि ऑक्टोबर ते डिसेंबरच्या हंगामात आल्ब्याचा पांढरा ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारं एक उग्र वासाचं अळंबं, ताटाला आठ-दहा ग्रॅम, कच्चाच किसून. या ताटात गोड काही नाही, आंबट काही नाही, तिखट तर नाहीच. आहे ती बलकाची आणि लोण्याची चरबी, मीठ आणि एक दणदणीत वास. म्हणून बारोलोला तिथे मोकळी जागा मिळते. माझ्या मते ट्रफलसोबत तरुण बाटली काढणं चूक आहे, कारण टॅनिनची खरखर त्या वासाच्या आड येते. पंधरा वर्षांच्या पुढची असेल तर तिच्या अंगालाही ओल्या मातीचा, अळंब्याचा वास आलेला असतो आणि दोघांचं गोत्र जुळतं.

तरुण बारोलोची खरी जागा ‘ब्राझातो आल बारोलो’ या मांसाच्या पदार्थाशेजारी. बीफचा दीड किलोचा सलग तुकडा, गाजर, कांदा, सेलरी, दालचिनी, लवंग, तमालपत्र यांच्यासह बाटलीभर वाइनमध्ये बारा तास मुरवायचा. मग बाहेर काढून पुसून कोरडा करायचा, कारण ओलं मांस भाजलं जात नाही, उकडतं. सगळ्या बाजूंनी तपकिरी होईतो परतायचं, गाळलेली वाइन आणि भाज्या परत घालून झाकण ठेवायचं आणि तीन तास अगदी मंद आच. नावात बारोलो आहे म्हणून भांड्यात बारोलोच ओतायचा हट्ट मात्र नको. तीन तासांच्या उकळीत तिचा वास उडून जातो, उरतो तो आंबटपणा आणि टॅनिन. या कामाला साधी लांगे नेब्बिओलो किंवा बार्बेरा पुरते. रस्सा आटवतानाही हात आखडता ठेवावा. तो चिकट होईपर्यंत आटवला तर आंबट होतो, आणि आंबट रश्श्यापुढे ग्लासातली वाइन मिळमिळीत वाटते. शेवटी लोण्याचा एक चमचा घातला की तो धोका कमी होतो.

आता पंचवीस-तीस वर्षांची किंवा त्याहून जुनी बाटली. 1989, 1990 किंवा 1996 ची, थंड अंधारात नीट राहिलेली. इतक्या काळात टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन जड होतात आणि तळाशी साका बनून बसतात. म्हणजे जेवणातल्या प्रथिनांनी आणि चरबीने जे करायचं ते काळाने बाटलीतच करून ठेवलेलं असतं. सुधारायला काही उरलेलं नसताना जेवण आणलं तर ते फक्त आवाज करतं. या वाइनकडे उरलेली असते ती वासाची श्रीमंती: सुकलेले गुलाब, डांबर, चामडं, काळ्या चहाची पानं, पावसाळी रानातला पाचोळा. हे वास नाजूक असतात आणि दर दहा मिनिटांनी बदलतात. ग्लास ओतल्याबरोबर जे मिळतं ते अर्ध्या तासाने नसतं, त्या जागी दुसरंच काही येतं. वाफाळतं ताट पुढे असलं की नाक त्या वाफेच्या ताब्यात जातं, आणि नाकाने एकदा कांदा-लसूण घेतला की पाचोळ्याचा वास त्याला ऐकू येत नाही.

एक अडचण मात्र आहे. काळ टॅनिनला मऊ करतो, आंबटपणाला नाही. तीस वर्षांची नेब्बिओलोही चांगली आंबट असते आणि 14 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल तर असतंच. रिकाम्या पोटी तीन ग्लास प्यायले तर पोटात जळजळ आणि डोक्यात मुंग्या, दोन्ही येतात आणि चौथ्या ग्लासाची चव कुणालाच कळत नाही. म्हणून ‘नुसती’ याचा अर्थ उपाशी असा घेऊ नये. तास-दीड तास आधी साधं काहीतरी खाऊन घ्यावं आणि सोबत ग्रिस्सीनी, म्हणजे पिएमोंतेच्याच त्या पातळ खुसखुशीत पावाच्या काड्या, किंवा उकडलेल्या बटाट्याच्या फोडी लोणी-मीठ लावून ठेवाव्यात. चीजची थाळी नको. मऊ, वास मारणारी चीजं जुन्या लाल वाइनची दुष्मन आहेत. फ्रेंच जेवणाच्या शेवटी सर्वांत चांगली लाल बाटली आणि चीज एकत्र आणायची प्रथा आहे, तिने किती थोर बाटल्या वाया गेल्या असतील याचा हिशेब नाही.

जुनी बाटली काढायची तर तयारी दोन दिवस आधी सुरू होते. आडवी असलेली बाटली 48 तास उभी करून ठेवावी, म्हणजे साका तळाशी बसतो. नेब्बिओलोचा साका बारीक असतो, ढवळला तर वाइन गढूळ आणि कडवट होते. पंचवीस वर्षांपलीकडचं बूच ठिसूळ झालेलं असतं. साधा स्क्रू त्याच्या मधोमध भुगा पाडतो आणि अर्धं बूच गळ्यातच राहतं. बाजूने सरकवायच्या दोन पातळ पात्यांचं ओपनर वापरावं, हलकेच डावी-उजवीकडे डोलवत खाली न्यावं आणि पिळत वर ओढावं. तरी बूच मोडलंच तर घाबरू नये, धुऊन वाळवलेल्या मलमलीतून वाइन गाळावी. मलमल साबणाच्या वासाची नको.

हवा किती द्यायची यावर दोन मतं आहेत. आठ-दहा वर्षांपर्यंतची बारोलो डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद पोटाच्या काचेच्या सुरईत, ओतून दोन ते तीन तास ठेवावी, तिला हवेचा फायदाच होतो. जुनीला तसं उघड्यावर टाकलं तर वास तासाभरात विरू शकतो. जुन्या बाटल्या उघडण्यात आयुष्य घालवलेले फ्रान्सचे संग्राहक फ्रांस्वा ओदूझ बाटली चारेक तास आधी उघडतात आणि काहीही न ओतता तशीच उभी ठेवतात. गळ्याएवढ्या लहान तोंडातून हळूहळू हवा शिरते, कोंदट वास निघून जातो आणि नाजूक वास शाबूत राहतात. मला ही रीत पटते, फक्त एक पुस्ती जोडून: उघडल्या उघडल्या दोन चमचे ग्लासात घेऊन वास घ्यावा. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बिघडलं आहे, चार काय चाळीस तासांनीही तो जाणार नाही. दुसरी बाटली काढायला वेळ हाताशी हवा. तरुण बाटलीचा पहिला घोटही जेवणाआधी घ्यायचा तो यासाठीच. तोंडात मसाला असताना हा दोष लपतो आणि ‘आज वाइन जरा फिकी वाटते’ एवढ्यावर निभावतं.

तापमान 16 ते 18 अंश. युरोपातल्या पुस्तकांत ‘खोलीच्या तापमानाला’ लिहिलेलं असतं, ती खोली पुण्या-नागपुरातली नसते. तीस अंशांच्या खोलीत लाल वाइन ठेवली तर अल्कोहोल नाकात चढतं आणि बाकी सगळं मागे पडतं. तरुण बाटली बर्फ आणि पाणी निम्मे-निम्मे असलेल्या बादलीत पंधरा मिनिटं ठेवली की काम होतं. जुनी आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये उभी ठेवावी आणि वेळेवर बाहेर काढावी, बर्फात हलवाहलव नको. फार थंडही नको, कारण गारठ्यात टॅनिन जास्त टोचतं. ग्लास मोठ्या पोटाचा, त्यात 70-75 मिलिलिटरच ओतायची. एका बाटलीत असे दहा पेले निघतात. कपाटात पडून ग्लासाला लाकडाचा, धुळीचा वास लागतो. इटलीत चमचाभर वाइन ग्लासात फिरवून ती पुढच्या ग्लासात, तिथून त्याच्या पुढच्यात ओततात आणि शेवटी टाकून देतात. पाण्याने विसळण्यापेक्षा हे बरं. आणि आपल्या घरांसाठी खास: संध्याकाळची उदबत्ती त्या दिवशी लांबच्या खोलीत लावा, हिंग-मोहरीची फोडणी बाटली उघडण्याच्या तासभर आधी उरकून घ्या.

नुसत्या वाइनच्या बाजूने बोलणारे एक दाखला हमखास देतात: समीक्षक वाइन जेवणाशिवायच तपासतात, तेव्हा तोच खरा न्याय. तो न्याय एका विशिष्ट कामापुरता आहे. सकाळी बसून पन्नास वाइन एकामागून एक तोंडात घोळवून थुंकायच्या, तर जी मऊ, गोडसर, गर्द असेल तीच उठून दिसणार. अमेरिकी समीक्षक रॉबर्ट पार्कर यांची शंभर गुणांची पद्धत जगभर चालू लागली त्या काळात बारोलोतही उलथापालथ झाली. जुनी रीत म्हणजे द्राक्षाच्या साली महिनाभर किंवा त्याहून जास्त रसात ठेवायच्या आणि मग वाइन स्लाव्होनियन ओकच्या प्रचंड पिंपांत वर्षानुवर्षं. तरुण उत्पादकांनी साली काही दिवसांतच बाहेर काढायला सुरुवात केली आणि 225 लिटरच्या नव्या फ्रेंच पिंपांत वाइन भरली. एलिओ आल्तारे यांनी 1983 मध्ये घरातली जुनी पिंपं चेनसॉने कापली, वडिलांनी त्यांना वारसा नाकारला, ही लांगेतली प्रसिद्ध हकीकत. नव्या रीतीची वाइन लवकर पिता येई, नुसती पिता येई, आणि गुण मिळवी. पण नव्या लाकडाचा व्हॅनिलासारखा वास ब्राझातोशेजारी उपरा वाटतो. बार्तोलो मास्कारेल्लो यांच्यासारखे जुन्या वळणाचे लोक हटले नाहीत, आणि आज बरेच आधुनिकही मोठ्या पिंपांकडे परतले आहेत. त्यात चवीचा, बाजाराचा, फॅशनचा, सगळ्यांचाच हात आहे. तरी मला त्यात ताटाचा विजय दिसतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न आणखी वेगळा वळतो, कारण आपल्याकडे पिणं जेवणासोबत नसतंच. ते जेवणाआधी असतं, चखण्यासोबत, आणि ताट वाढलं की ग्लास बाजूला. मसाला पापड, शेव, चणाडाळ, वर लिंबू आणि तिखट. हे सगळं व्हिस्कीत सोडा घालून पिणाऱ्यासाठी जमलेलं आहे. बारोलोला ना धड एकांत मिळतो, ना धड जेवण. लिंबाने ती बेचव होते आणि तिखटाने तर भडकतेच: मिरचीतल्या कॅप्सायसिनची आग अल्कोहोल वाढवतं, त्यात टॅनिनचं खरखरीत तोंड. म्हणून तांबड्या रश्श्यासोबत तरुण बारोलो म्हणजे दोघांचाही अपमान. पांढरा रस्सा तुलनेने सौम्य, पण नारळाच्या दुधाची गोडी वाइनला कोरडी करते. बांगडा-सुरमईसोबतही नको. रेड वाइनमधलं लोह माशाच्या मेदाशी मिळून तोंडात हिवस, धातूसारखा वास उठवतं, हे जपानी संशोधकांनी 2009 मध्ये वाइन आणि स्कॅलप शिंपल्यांवर प्रयोग करून दाखवलं आहे.

आपल्या स्वयंपाकघरात बारोलोला साजेसं एक पातेलं मात्र दर मटणाच्या दिवशी चुलीवर असतं आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: अळणी मटण. मसाला पडण्याआधी हळद, मीठ, आलं-लसणात शिजवलेलं, ज्याचं सूप मुलांना आणि आजाऱ्यांना देतात. पिएमोंतेत उकडलेल्या मांसाचं बोल्लीतो मिस्तो असतं, त्याचं हे जवळचं नातेवाईक. एक किलो चरबीदार, हाडासकटचं मटण घ्यावं, लसूण निम्मा करावा, हळद अगदी चिमूटभर, कारण जास्त झाली तर कडू लागते. कुकरपेक्षा जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून दीड-दोन तास. तुकडे बाहेर काढून वर साजूक तूप आणि जाडं मीठ. सोबत लिंबू, कांदा, कोशिंबीर काही नको, नुसती भाकरी. आठ-दहा वर्षांची सेर्रालुंगा गावाची बारोलो, जी सगळ्यांत कडक म्हणून ओळखली जाते, तीही या ताटापुढे नरमते.

नुसत्या पिण्यासाठीच जणू जन्मलेल्या वाइन वेगळ्या आहेत आणि त्यांना टॅनिन नसतं किंवा असून जाणवत नाही. जर्मनीतल्या मोझेल नदीकाठची काबिनेट रीसलिंग आठ-नऊ टक्के अल्कोहोलची, गोडी आणि आंबटपणा काट्यावर तोललेले. दुपारी एकटं बसून तिची बाटली संपवता येते. इटलीत तर सिसिलीच्या पासितोसारख्या दाट गोड वाइनना चिंतनाच्या वाइन म्हणतात आणि पन्नास मिलिलिटरच्या वर ओतत नाहीत. बारोलोने त्यांच्यासारखं व्हावं अशी अपेक्षा करू नये.

एक गंमत शिल्लक राहते. तरुण बारोलोची बाटली एका बैठकीत संपवायची घाई नको. उघडल्यावर लगेच, जेवायला बसायच्या आधीच, 375 मिलिलिटरची स्वच्छ रिकामी बाटली तोंडापर्यंत भरून घ्यावी, बूच घट्ट लावावं आणि फ्रिजमध्ये ठेवावी. ओतताना जेवढी हवा लागली तेवढीच तिला पुरते. तीन दिवसांनी तासभर आधी बाहेर काढली तर तुरटपणाची धार बोथट झालेली असते आणि ताटाशिवाय पिता येते. तीस वर्षांच्या बाटलीचं असं काही राखून ठेवू नये. सकाळपर्यंत तिच्यात फक्त आंबटपणा उरतो, आणि तळाचा साक्याचा अर्धा कप गाळून मटणाच्या पातेल्यात ओतण्याच्या लायकीचा असतो.